आयएसओ टेस्टिंग ग्लास: बरेच महिने वापरल्यावर

ज्या भागातल्या वाईनचं फारसं नाव झालेलं नाही तिथे टेस्टिंगला जाणार असाल तर ग्लास स्वतःचा न्या, हे मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगतो. नावाजलेल्या भागात रेटिंग असतात, लोकांनी लिहून ठेवलेलं असतं, इथे फक्त आपलं नाक, आणि एका वायनरीत जाड काचेचा बुटका ग्लास देतात, दुसऱ्या ठिकाणी भला मोठा, मग फरक वाईनचा आहे की ग्लासचा हे कळणार कसं?

आयएसओ म्हणजे स्टँडर्ड ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या १९७७ च्या स्टँडर्डचा हा ग्लास, दिसायला अगदीच साधा. २१५ मिली मावते, खाली पोट आणि वर अरुंद तोंड. ओतायची मात्र ५० मिलीच, म्हणजे पाऊण ग्लास रिकामा. कंजूसपणा वाटतो खरा, पण ग्लास गोल फिरवला की वास त्या रिकाम्या जागेत साठतो आणि तोंड अरुंद असल्याने लगेच उडून जात नाही. फ्रिजमधून काढलेली व्हाईट आधी मुकीच असते, तेव्हा पोट दोन्ही तळव्यांत धरून बसायचं, वाईन थोडीशीच असल्याने लवकर गरम होते आणि हळूहळू एकेक वास सुटायला लागतो, मला तर हे बघायला (म्हणजे हुंगायला) फार आवडतं. दोष पण लपत नाहीत. कॉर्क खराब असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास, व्हिनेगरकडे झुकली असेल तर नेलपॉलिशसारखा. छोट्या वायनरीत मालक स्वतः समोर उभा असतो, तेव्हा भिडेखातर मान डोलावण्यापेक्षा हे नीट कळलेलं बरं.

तक्रारी आहेतच. दांडी नाजूक, बॅगेत जाड मोज्यात घालून न्यावा लागतो. तरुण, दणकट रेड यात कोंडल्यासारखी वाटते, तिला मोठाच ग्लास हवा, त्यामुळे निवांत प्यायला मी हा काढत नाही. कपाटात उपडा ठेवू नका, लाकडाचा वास आत बसतो आणि पहिल्या घोटालाच सगळा घोळ. दोन वाईनच्या मधे पाण्याने धुण्यापेक्षा पुढच्याच वाईनचा थेंबभर घेऊन खळबळून टाकायचा.

घ्यायचे तर दोन घ्या, दोन वाईन शेजारी शेजारी ठेवून हुंगल्या की एकीत काय कमी आहे ते पटकन कळतं.