तिसरीची छापील टाचणवही: कागद चांगला, क्रम उलटा

शिक्षकांच्या या पाठनियोजनाच्या वहीत अध्ययन निष्पत्ती (शिकून मुलांना काय यायला हवं ते) आयत्या छापल्यात, ही सोय खरी. पण रकान्यांचा क्रम उलटा आहे: आधी पाठ, मग उपक्रम, निष्पत्ती शेवटी. मग ती नुसती चिकटवली जाते. वही शेवटच्या रकान्यापासून भरत या.

केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार (2021) तिसरीला 9999 पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता यायला हव्यात. म्हणून आधी चाचणीचे पाच प्रश्न ठरवा. त्यात 4067 हवाच. ‘चार हजार सदुसष्ट’ ऐकून मुलं 400067 तरी लिहितात, नाहीतर 467. 467 मध्ये शतकस्थानचं शून्य गळतं. त्यासाठी दोन तासिका दशक-शतकाच्या गठ्ठ्यांना द्या, नंतर पाठ्यपुस्तक.

मूल्यमापनाचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद. मागे पडलेल्यांची नावं मावत नाहीत, कोरं पान जोडावं लागतं. उजळणीच्या तासिकेला तर जागाच नाही. शाई मात्र फुटत नाही.