अक्रोड सांगून आंबा बसवला

मका कणसाला आला की रानडुकरं कशी उतरतात, हे दिंडोरीकडच्या कुणाला सांगायला नको. त्यासाठीच घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन बंदूक आहे. २०२४ च्या विधानसभेच्या आचारसंहितेत ती ठाण्यात जमा होती. परत आणली आणि महिनाभरात माझ्याच हातून ट्रॉलीवरून पडली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मुठीपाशी तडकला. इथवर चूक माझी.

नाशकातल्या एका दुकानात नेली. चहा आला. "भाऊ, काश्मिरी अक्रोड घालतो, नातवापर्यंत बघायला नको. हे जुनं लाकूड चुलीत घाला." साडेनऊ हजार ठरले, पाच आगाऊ दिले. पोच मागितली तर पाठकोऱ्या चिठ्ठीवर 'बंदूक १, दुरुस्तीस' एवढंच. नंबर नाही, शिक्का नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तो भिंतीवर आहे का, एवढंही मी पाहिलं नाही. परवान्याची बंदूक अशी सोडून आलो आणि द्राक्षाच्या फवारणीत गुंतलो!

दस्ता मिळाला तो देखणा. गडद तपकिरी, पॉलिश असं की तोंड दिसावं.

भाद्रपदात रात्री डुकरं पिटाळायला हवेत बार काढले. तिसऱ्याला गालाशी कट्ट आवाज आला. सकाळी पाहतो तर मुठीवर चीर.

गावच्या सुतारमामांनी मागचं रबर काढलं, आतला एक लांब बोल्ट सोडला, दस्ता हातात. पंपाच्या बंदुकीला एवढंच असतं, आणि दुकानदाराने मला 'आठ दिवसांचं कोरीव काम' सांगितलं होतं. आत रंग पोचलेला नव्हता. पांढुरकं, हलक्या प्रतीचं लाकूड. मामा नखाने खरवडून म्हणाले, "दादा, हा आंबा. पेट्या ठोकतात याच्या." बोल्टाचं भोक मोठं पडलेलं, त्यात भुसा नि गोंद भरलेला. आणि मुठीत लाकडाच्या रेषा तिरक्या उतरलेल्या. बाराचा धक्का नेमका तिथे येतो. रेषा दस्त्याच्या लांबीतच धावायला हव्यात, नाहीतर चांगलं लाकूडही फुटतं.

दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "चिठ्ठीवर अक्रोड कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. म्हणून पोचेवर बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर आणि लाकडाचं नाव लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी रबर काढायला लावून आतलं कोरं लाकूड बघा.

जुना दस्ता मागितला तर "टाकला कधीच." मामा म्हणतात, तो आणला असता तर चिकटवून, आतून खुंटी मारून दोनशे रुपयांत दिला असता. हे साडेनऊ हजारांपेक्षा जास्त लागलं.

बंदूक सध्या दस्त्याविना कपाटात आहे. उरलेला मका आम्ही रात्रभर पत्र्याचे डबे बडवून राखला.