१८९३-एस: अस्सल चांदीचा खोटा डॉलर

न्यू जर्सीतल्या फ्ली मार्केटमध्ये जुनी नाणी शोधत फिरणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. माझे ३,१५० डॉलर गेले. ७५० रोख, २,४०० पेमेंट अ‍ॅपवरून. "लोभ नडला" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं. मी अभ्यास करून गेलो होतो. मॉर्गन म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, २६.७३ ग्रॅमचा, त्यात ९० टक्के चांदी, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

ज्या विक्रेत्याने फसवलं, आधी त्याच माणसाकडून १९२१ चे साधे मॉर्गन रास्त भावात घेतले. दुकानात दाखवले, अस्सल निघाले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मग त्याच्या आजोबांच्या म्हणे, डब्यातून १८९३-एस निघाला. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं अक्षर. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने त्या साली जेमतेम एक लाख पाडले. चलनासाठी पाडलेल्या मॉर्गनमध्ये सगळ्यात कमी. झिजलेला असला तरी हजारांत जातो. हे सगळं तो बोलला आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. माझं डोकं फिरतं ते यानेच! वजनकाटा त्याने काढला, लोहचुंबक त्याने लावलं. नाणं पास. होणारच ना, ते त्याच वर्षीचं फिलाडेल्फियाचं खरं नाणं होतं! तिथल्या मॉर्गनवर टांकसाळीचं अक्षर नसतं, मागच्या बाजूला माळेखाली जागा मोकळी असते. कुणीतरी तिथे 'एस' चिकटवला होता.

त्या एसभोवतीची काळपट कड मला दिसली होती. मी बोट ठेवून विचारलंसुद्धा. म्हणाला, "टोनिंग आहे (जुन्या चांदीवर चढणारी काळपट झाक), घासू नका, किंमत पडेल." हेही खरंच. जुनं नाणं साफ करू नये हे मीच लोकांना सांगत आलोय, म्हणून हात मागे घेतला. भिंग खिशात होतं. बायको म्हणाली, "अहो, नीट बघा तरी." पण ऊन, गर्दी, आणि मागे एकजण पैसे हातात घेऊन उभा. तोही त्यांचाच असणार, दुसरं काय!

भिंग आधी पुढच्या बाजूला लावा. चलनातले सगळे १८९३-एस पुढच्या एकाच ठशातून निघालेत. मुकुटपट्टीवरच्या 'लिबर्टी'मधल्या टीच्या माथ्यावर बारीक तिरपी रेघ असते. रेघ नाही तर सरळ चालू लागा.

तपासणी आणि विम्यासकट पोस्टेजचे आणखी १२८ डॉलर भरले. शेरा आला: अक्षर नंतर जोडलेलं. तो कागद घेऊन पोलिसांकडे गेलो. "सिव्हिल मॅटर, कोर्टात जा." कुणावर दावा लावू? नाव खोटं, पावती नाही, फोन बंद! फसवण्यासाठी अमेरिकी नाण्यात फेरफार करणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम ३३१ छापून नेलं होतं. साहेबांनी वाचलं, हसले, परत दिलं. फेडरल ऑफिसात विचारलं तर म्हणे स्थानिक पोलिसांकडे जा. स्थानिक म्हणे, नाणी त्यांचं खातं. ऑनलाइन तक्रारीला यंत्राचं आभारपत्र आलं. पेमेंट अ‍ॅपवाल्यांनी तर कमालच केली: तुम्ही 'फ्रेंड्स अँड फॅमिली' निवडलंत, म्हणजे ओळखीच्या माणसाला स्वखुशीने दिलेत. अरे, फी वाचते म्हणून त्यानेच निवडायला लावलं होतं! इथे टॅक्स एक दिवस उशिरा भरा, मग बघा कशी सगळी खाती जागी होतात.

महाग नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या. डब्याही नकली निघतात, तेव्हा त्यावरचा नंबर त्यांच्याच साइटवर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून बघा. विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवर नाही. रोख तर देऊच नका.

त्याच्या डब्यात १८८९-सीसी पण आहे म्हणत होता, कार्सन सिटीचा. तिथेही फिलाडेल्फियाच्या डॉलरवर 'सीसी' जोडतात. तुम्हाला कुणी दाखवला तर पैसे काढायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा.