इम्प्रॉम्प्टू की एक्स्टेम्पोर? दोन्ही सारखेच वाटतात पण नाहीयेत

दोन्ही इंग्रजी शब्द, आयत्या वेळी केलेल्या भाषणासाठी वगैरे वापरतात. आधी इम्प्रॉम्प्टू घेऊ. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पण मूळ लॅटिन, "इन प्रॉम्प्टू", आणि गंमत म्हणजे त्याचा अर्थ होतो "तयार, हाताशी असलेलं"! म्हणजे आपण ज्याला अजिबात तयारी नसलेलं म्हणतो त्याच्या पोटातच तयारी बसलीये, आणि प्रॉम्प्ट हा शब्दही त्याच घरातला, त्यामुळे सुरुवातीचा "इम" बघून "अन-प्रॉम्प्ट" असं काहीतरी समजू नका, तो "इन" म्हणजे "मध्ये" आहे, नकार नाही.

एक्स्टेम्पोर सरळ आहे. एक्स म्हणजे मधून, टेम्पुस म्हणजे वेळ. त्या क्षणातून आलेलं, बस.

वापरात मात्र फरक पडतो. अमेरिकेत भाषणकला शिकवताना एक्स्टेम्पोरेनियस म्हणजे विषयाची तयारी केलेली, मुद्दे काढलेले, फक्त पाठांतर नाही. आणि इम्प्रॉम्प्टू म्हणजे उभं केलं की बोला. आपल्याकडे दोन्हीला एक्स्टेम्पोरच म्हणून टाकतात. संगीतात तर अजून घोळ, संगीतकार शूबर्टने 1827 मध्ये इम्प्रॉम्प्टू नावाच्या पियानोच्या रचना लिहिल्या, हो, चक्क कागदावर लिहून काढलेल्या.

मला विचाराल तर आपला "उत्स्फूर्त" दोघांपेक्षा भारी. त्यात स्फुर् धातू आहे, आतून उसळून वर येणं, तिथे तयारीचा किंवा वेळेचा प्रश्नच नाही. फक्त "ऐनवेळी"च्या जागी तो वापरू नका, ऐनवेळी केलेलं काम बऱ्याचदा नाइलाजाने केलेलं असतं.