लेझर रिसीव्हरला काय लावावं: सोलर सेल, फोटोट्रान्झिस्टर की फोटोडायोड?

लेझरवरून आवाज किंवा डेटा पाठवायचा, तर पाठवणारी बाजू एका संध्याकाळी तयार होते. वेळ खातो तो रिसीव्हर, म्हणजे आलेल्या प्रकाशाचा पुन्हा विजेचा सिग्नल करणारी बाजू. माझं मत आधीच सांगतो: फोटोडायोड घ्या. पण तुमची गरज खरंच तेवढी आहे का, हे आधी बघा.

फक्त गाणं ऐकवायचं असेल तर छोटा सोलर सेल झकास. दोन वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला जोडल्या की काम झालं, आणि सेल पसरट असल्यामुळे नेमही पटकन लागतो. मात्र त्याची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोठी, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सी दबतात. शिवाय चोकवाली ट्यूब चालू असली की स्पीकर गुणगुणतो. वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते आणि सेल ते इमानदारीत ऐकवतो.

फोटोट्रान्झिस्टर स्वस्त, आणि करंट स्वतःच वाढवून देतो. काही किलोहर्ट्झपर्यंत ठीक. पण सिग्नल मोठा मिळावा म्हणून लोड रेझिस्टर (करंटचं व्होल्टेज करून देणारा रोधक) वाढवला की तो सुस्तावतो आणि चौकोनी लहरीच्या कडा गोल होतात. उन्हात तर पूर्ण सॅच्युरेट, म्हणजे आउटपुट टोकाला अडकतं आणि लेझरचा बदल दिसतच नाही.

बीपीडब्ल्यू34 फोटोडायोड रिव्हर्स बायस (उलट दिशेचं व्होल्टेज) देऊन ऑपॅम्पला (सिग्नल वाढवणाऱ्या चिपला) जोडला, की शेकडो किलोहर्ट्झ आवाक्यात येतात. बहुतेकांची चूक होते ती फीडबॅक रेझिस्टरमध्ये, म्हणजे ऑपॅम्पच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत जोडलेल्या रेझिस्टरमध्ये. जास्त गेन (सिग्नलची वाढ) हवा म्हणून लोक थेट 1 मेगओहम लावतात. हिशोब करून बघा: लाल लेझरचा 1 मिलिवॉट डायोडवर पडला तर साधारण 0.4 मिलिअँपिअर करंट येतो. 1 मेगओहमवर त्याचे 400 व्होल्ट व्हायला हवेत! ऑपॅम्प अर्थातच सप्लायला चिकटून बसतो, आणि आपण सर्किट बिघडलं म्हणून सोल्डर उकरत राहतो. टेबलावर चाचणी करताना 10 किलोओहम पुरे. अंतर वाढून सिग्नल क्षीण झाला की मग 100 किलोओहमकडे जा. रेझिस्टरला समांतर काही पिकोफॅरडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर आउटपुट स्वतःहून डोलायला लागतं. डायोडपुढे काळी नळी बसवा, आजूबाजूचा उजेड बराच तुटतो.

टीव्ही रिमोटचा सिग्नल पकडणारा तयार रिसीव्हर टीएसओपी1738 अनेकांना सोपा वाटतो. तो 38 किलोहर्ट्झने लुकलुकणारा प्रकाशच ओळखतो आणि त्याचं काळं आवरण दृश्य प्रकाश अडवतं, म्हणून लाल पॉइंटरसाठी तो घेऊ नका. इन्फ्रारेड लेझर असेल तरी सलग 38 किलोहर्ट्झ सोडू नका, तुकड्या-तुकड्यांनी सोडा. सलग सिग्नलला तो गोंगाट समजून गेन उतरवतो.