मुळासकट उपटणारी तरफ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुबाभळीचं अंगठ्याएवढं रोप हाताने ओढून बघा. साल सोलून मुठीत येते आणि मूळ जमिनीतच राहतं. कोयत्याने छाटलं, तर थोड्याच दिवसांत एका फांदीच्या जागी चार. कुदळीने खणलं, तर एका रोपामागे पंधरा मिनिटं जातात आणि दुसऱ्या दिवशी कंबर बोलते.

आमच्या वस्तीमागे अर्ध्या एकराचा एक तुकडा कित्येक वर्षं बेवारस पडला होता. सुबाभूळ, घाणेरी आणि त्यांच्याखाली कचरा. तिथे माणसांना बसता-चालता यावं आणि पाखरांनाही राहता यावं म्हणून आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी जमतो. कुदळीने कंटाळलो तेव्हा मी हे अवजार घेतलं. कंपनीचं नाव देत नाही. याच रचनेची अवजारं बरेच जण बनवतात, आणि मला सांगायचंय ते रचनेबद्दल.

पाच फुटी लोखंडी दांडा. खालच्या टोकाला जबडा, त्याच्यामागे जमिनीवर टेकणारी रुंद पट्टी. जबडा खोडाला जमिनीलगत लावायचा आणि दांडा मागे ओढायचा. जसजसं ओढाल तसतसा जबडा जास्त आवळतो. टेकूपासून जबडा अर्ध्या फुटावर आहे, म्हणजे जोर दहापट. वीस किलोची ओढ दिली की खोडाला दोनशे किलोच्या आसपास ओढ लागते, घर्षणात जाईल ते वेगळं. आयुष्यभर लेथवर उभा राहिलोय, त्यामुळे घेताना आधी जोड पाहिले. वेल्डिंग सलग आहे, जबड्याचे दाते नीट कापलेत. आठ महिन्यांत दांडा वाकलेला नाही.

मनगटाएवढ्या जाडीपर्यंतची सुबाभूळ ओल्या जमिनीतून अर्ध्या-एक मिनिटात सोटमुळासकट बाहेर येते. पहिलं झाड निघालं तेव्हा ते सरळ लांब मूळ आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. शेजारच्या आजी सत्तरीपुढच्या आहेत. त्यांनीही एक उपटलं, कुणाची मदत न घेता. ज्या कामासाठी आजवर दोन तगडी पोरं लागायची ते काम आता कुणीही करू शकतं. या एका गोष्टीसाठी मी हे अवजार डोळे झाकून सुचवेन.

घाणेरीला मात्र ते थेट लागत नाही. तिचा बुंधा म्हणजे दहा फांद्यांचा गुंता, जबडा आत शिरतच नाही. आधी लांब दांड्याच्या कात्रीने फांद्या गुडघाभर उंचीवर कापायच्या, मधलं जाड खोड मोकळं करायचं आणि मग धरायचं. उपटलेला बुंधा जमिनीवर टाकू नका, ओल्या मातीला टेकलेल्या फांदीलाही मुळं फुटतात. आम्ही तो उलटा करून, मुळं आभाळाकडे ठेवून, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात वाळत घालतो. फळं धरलेल्या फांद्या वेगळ्या काढतो. घाणेरीचं बी पाखरं लांबवर नेतातच, आपण आणखी हातभार लावायचं कारण नाही.

आता उणिवा. वजन जवळपास आठ किलो आहे, तासाभराने खांदे भरून येतात. जमीन फार भुसभुशीत असली की टेकूची पट्टी मातीत रुतते आणि सगळा जोर वाया जातो. खाली फळीचा तुकडा ठेवला की प्रश्न सुटतो, पण ती फळी आपली आपण न्यायची. पेन्सिलीएवढ्या रोपांची साल जबड्यात सोलली जाते, ती पावसानंतर हातानेच काढलेली बरी. कोरड्या, कडक जमिनीत हे वापरूच नका. मूळ मध्येच तुटतं आणि दांड्यावर लटकणाऱ्याच्या पाठीला हिसका बसतो. जबड्याची पिन सहाव्या महिन्यात झिजली. मी चांगल्या पोलादाची नवी कातून घातली, पण ज्याच्याकडे लेथ नाही त्याने सुटी पिन मिळते का हे घेतानाच विचारावं.

अवजारासोबत आलेल्या कागदावर एक गोष्ट लिहिलेली नाही. ते हातात आलं की थांबावंसं वाटत नाही. पहिल्या रविवारी आम्ही सपाटाच लावला. दुसऱ्या रविवारी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक ताई आल्या आणि म्हणाल्या, "काका, सगळ्यात दाट कोपऱ्यातून सुरुवात का केलीत? जिथे चांगलं शिल्लक आहे तिथून करा." ऑस्ट्रेलियात सिडनीला जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी 1960 च्या दशकात घराजवळच्या रानातून परकी झाडं काढताना हीच रीत बसवली, हे मला ताईंकडून कळलं. जिथे मूळचं रान बऱ्यापैकी टिकलंय तिथून बिघडलेल्या बाजूकडे जायचं. माती कमीत कमी हलवायची. आणि मूळची झाडं जितक्या वेगाने परत येतील तितक्याच वेगाने पुढे सरकायचं, त्याच्यापुढे धावायचं नाही.

हे मला लगेच पटलं, कारण उलटं काय होतं ते आमच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. आमच्याआधी एका कंत्राटदाराने याच जागेचा एक कोपरा बुलडोझर फिरवून एका दिवसात साफ केला होता. पहिल्या पावसात तिथे छातीएवढं गाजरगवत उभं राहिलं. उघडी माती कुणाची तरी होतेच, आणि सगळ्यांत आधी पोचतं ते तण. सुबाभळीचं कठीण सालीचं बी तर वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसतं, म्हणून एकदा साफ करून काम संपत नाही. आता एक झाड काढलं की खड्डा त्याच मातीने भरून पायाने दाबतो आणि वर वाळका पाला पसरतो. आमच्या पहिल्या कोपऱ्यात या पाल्याखालून कुसळी गवत आपोआप आलं. आम्ही ते लावलं नव्हतं. त्यात सरडे आहेत, आणि सकाळी मुनिया बी टिपायला उतरतात.

घाणेरी आणि सुबाभूळ या दोन्ही जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत आहेत. तरी आम्ही पूर्वेकडची घाणेरीची रांग तशीच ठेवली आहे. एका जाळीत बुलबुलचं घरटं होतं, जबडा लावायला वाकलो तेव्हा दिसलं. पिल्लं उडून जाईपर्यंत तिथे कुणी फिरकलं नाही. शिवाय तिच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी असते. दुसरी मधाची झाडं फुलायला लागेपर्यंत त्यांचं ताट ओढून घ्यायला माझा हात धजत नाही. ताईंशी यावर माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, ठेवलेली रांग बी पसरवत राहणार. म्हणून फळं धरायच्या आधी ती छाटायची, यावर आम्ही दोघे राजी झालो.

ओढ्याच्या काठच्या उतारावर हे अवजार मी नेतच नाही. तिथे माती धरून ठेवणारं दुसरं काही नाही. मुळासकट उपटलं तर पहिल्या जोरदार सरीत काठ वाहून जाईल. तिथे सुबाभूळ नुसती छाटतो, फुटली की पुन्हा छाटतो, आणि मधल्या जागेत करंजाची रोपं लावली आहेत. ती पुरुषभर झाली की मग बघू.

घ्यायचं असेल तर एका घरासाठी घेऊ नका, सात-आठ जणांत एक पुरतं. वापरल्यावर दात्यांतली माती ब्रशने काढा, सांध्याला तेलाचे दोन थेंब द्या आणि उभं ठेवा, आडवं पडलं की पट्टी गंजते. आमचं अवजार आजींच्या जिन्याखाली असतं. जोडीला फळी आणि एक जादा पिन, दोन्ही दांड्याला सुतळीने बांधून.