फ्युचरामा की बोजॅक हॉर्समन: आधी कोणती?

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, रात्री मेसवरून आलो की अर्धा तास मोकळा मिळतो. फ्युचरामा लावू की बोजॅक?" आमच्या परभणीत कार्टून म्हणजे अजूनही लेकरांचा खेळ समजतात. या दोन्ही अमेरिकन कार्टून मालिका मात्र मोठ्यांसाठी आहेत, घरात लहान लेकरं असतील तर त्यांच्यासमोर लावू नयेत. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितो.

मॅट ग्रेनिंग यांची फ्युचरामा २८ मार्च १९९९ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. पिझ्झा पोचवणारा फ्राय १९९९ च्या शेवटच्या रात्री गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. मालिकेचं नशीब मात्र त्याच्याहून खडतर. रविवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलचा सामना लांबला की हिचा भाग गळायचा. पुढे फॉक्सने नवे भाग मागवणंच थांबवलं आणि २००३ मध्ये ७२ भागांवर गाडी थांबली. अ‍ॅडल्ट स्विम या मोठ्यांच्या कार्टूनसाठीच्या वाहिनीवरचं पुनःप्रक्षेपण आणि डीव्हीडीची विक्री यांनी तिला परत आणलं. २००७ ते २००९ मध्ये चार चित्रपट थेट डीव्हीडीवर आले, ते कापून १६ भाग झाले. मग कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर २०१० ते २०१३ मध्ये आणखी ५२ भाग, आणि २०२३ पासून हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर पुन्हा नवे.

हा इतिहास बघणाऱ्यालाही आडवा येतो. पुढे काम मिळेल याची खात्री नसल्यामुळे लेखकांनी निरोपाचा भाग एकदा नाही, अनेकदा लिहिला. २०१३ चा 'मीनव्हाइल' मला त्यातला सगळ्यात सुंदर वाटतो. सीझनचे आकडेही जुळत नाहीत. निर्मितीचे पहिले चार सीझन फॉक्सने पाच करून दाखवले, त्यामुळे 'जुरासिक बार्क' हा भाग एका यादीत चौथ्या सीझनमध्ये सापडतो, दुसरीत पाचव्या. निर्मितीच्या क्रमाने बघावं, हे माझं मत.

बोजॅकची वाट सरळ. राफेल बॉब-वॅक्सबर्ग यांची ही मालिका नेटफ्लिक्सवर २२ ऑगस्ट २०१४ ला आली, ३१ जानेवारी २०२० ला सहाव्या सीझनसोबत संपली. एकच सुरुवात, एकच शेवट. बोजॅक म्हणजे नव्वदच्या दशकात टीव्हीवर गाजलेला एक घोडा, आता दारूत आणि पश्चात्तापात बुडालेला. सुरुवातीचे भाग बेताचे आहेत, तिथे सोडू नये. 'फिश आउट ऑफ वॉटर' पाण्याखाली घडतो, त्यात संवाद जवळपास नाहीतच. इंग्रजीचा धाक वाटणाऱ्यानेही तो डोळ्यांनी वाचावा. 'फ्री चुरो' उलट टोकाचा: जवळजवळ सगळा भाग म्हणजे आईच्या अंत्यविधीतलं एकट्या बोजॅकचं भाषण. इतकं धाडस मी दुसऱ्या कुठल्या विनोदी मालिकेत पाहिलेलं नाही.

पण तिच्यात व्यसन आहे, आत्महत्येचा विषय आहे. आपल्या भागात कितीतरी घरांनी हे सोसलंय. तुमच्या घरी तसं घडलं असेल तर एकट्याने, रात्री, अभ्यासाच्या ताणात ही मालिका लावू नका. शिवाय तिचा भाग मधूनच उचलता येत नाही, मागचं ओझं पुढे येतं. फ्युचरामाचा बावीस मिनिटांचा भाग बहुतेक वेळा तिथल्या तिथे पुरा होतो. गणिताची आवड असेल तर 'द प्रिझनर ऑफ बेंडा' चुकवू नये. त्यात पात्रांच्या शरीरांची अदलाबदल होते, ती सोडवायला लेखक केन कीलर यांनी त्यासाठी खरंखुरं प्रमेय सिद्ध केलं होतं.

म्हणून भाच्याला सांगितलं, आत्ता फ्युचरामा, बोजॅक परीक्षा झाल्यावर, सुट्टीत गावी आल्यावर. दोन्हींना इंग्रजी सबटायटल लावून ठेव. 'जुरासिक बार्क' मात्र घाईत बघू नकोस. त्यात फ्रायला हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या कुत्र्याचा दगड झालेला देह सापडतो. आजोबा गेल्यावर आपल्या शेतातल्या आखाड्यावरचं कुत्रं कितीतरी दिवस बाजेखालून हललं नव्हतं, ते तुला आठवेल. तो भाग संपला की फोन कर, कितीही वाजलेले असू देत.